तीन तारखा आणि एक दाढ

खिडकीमागच्या माणसानं तिन्ही कागद एकाखाली एक लावले, पेनाच्या टोकानं टकटक केलं आणि विचारलं, "यातली खरी कोणती?" शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५३, आधारवर १ जानेवारी १९५८, आणि पॉलिसीवर एजंटनं स्वतःच्या मनानं टाकलेली तिसरीच. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडणार तेवढ्यात आई मागून म्हणते, "तिन्ही लिवून घ्या ना बापा, मानूस तं एकच होता." तो हसला, रांगेतले दोघंतिघं हसले, मीपण हसलो. मग त्यानं कागद परत सरकवले, अ‍ॅफिडेव्हिट करून आणा म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. परतीच्या एसटीत आई खिडकीला डोकं टेकवून झोपली आणि मी उगाच मोबाईलवर तिन्ही कागदांचे फोटो पुन्हा पुन्हा बघत बसलो. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि ते किती वर्षांचे होऊन गेले हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

१ जूनचं काही विशेष नाही म्हणा, आमच्या गावात त्या दिवशी केक कापायचे ठरवले तर बेकरीवाला गावातच दुकान टाकेल. मास्तरनं पोराकडे पाहिलं, उंची पाहिली, लिहून टाकलं. आजीचा हिशोब मात्र वेगळा होता आणि माझा आजही त्याच्यावर जास्त विश्वास आहे. ती म्हणायची, तुहा बाप तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला, आणि नागपूरला बाबासाहेबाची दीक्षा झाली तेव्हा तो अंगावर पीत होता. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, ऑगस्ट-सप्टेंबरातला, आणि दीक्षा म्हणजे ऑक्टोबर १९५६. आता अंगावर पिणारं पोरगं महिन्या-दीड महिन्याचं पण असू शकतं आणि चौदा महिन्यांचं पण, तेव्हा आजीचीही दोन सालं होतात, ५५ किंवा ५६. तिला विचारायला पाहिजे होतं की रांगत होता का. ती गेली तेव्हा मी बारावीत होतो आणि मला असले प्रश्न पडत नव्हते.

त्या संध्याकाळी आईनं चुलीवर पाणी ठेवलं. गॅस आहे घरात, पण आंघोळीचं पाणी तिला चुलीचंच लागतं. पऱ्हाट्या मोडून मोडून आत सारत होती, मी लहानपणासारखा पाटावर बसलो होतो, धूर डोळ्यात जात होता. मध्येच म्हणाली, "तू तं पोट्ट्यायले केमेस्ट्री शिकवतं ना नागपूरले. मंग मानसाचं वय काढता येत नाई काय तुमच्यात?" आता बघा, मी समस्थानिक हा शब्द गेली बारा वर्षं फळ्यावर लिहितो. सम स्थान, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातली जागा तीच, प्रोटॉन तेवढेच, फक्त न्यूट्रॉन कमी-जास्त. दोन मार्काला येतं. उदाहरण म्हणून कार्बन-१२ आणि कार्बन-१४ लिहा, पुढचा प्रश्न घ्या. पण आईनं विचारल्यावर दोन मार्काचं उत्तर चालत नाही. मी चुलीतून बाजूला पडलेला एक कोळसा चिमट्यानं उचलला आणि म्हटलं, याचं काढता येते.

मग सांगत सुटलो. वर, पार वर, विमानं जातात त्याच्याही वर, अंतराळातून काही कण येऊन हवेवर आदळत असतात, रात्रंदिवस. त्या ठोकरीत हवेतल्या अणूंच्या गाभ्यातून न्यूट्रॉन निखळून बाहेर पडतात. न्यूट्रॉनवर विद्युतभारच नाही, ना धन ना ऋण. प्रोटॉन एखाद्या अणुगाभ्याकडे जायला निघाला तर आतले प्रोटॉन त्याला लांबूनच हाकलतात, म्हणजे परक्या गावात शिरल्यावर कुत्रे कसे अंगावर येतात तसं. न्यूट्रॉनवर कुत्रं भुंकत नाही. तो थेट ओसरीपर्यंत जातो. आणि गंमत म्हणजे जो हळू चालतो तोच जास्त करून घरात घेतला जातो, हे फर्मी नावाच्या माणसाला १९३४ साली रोममध्ये समजलं, न्यूट्रॉनच्या वाटेत त्यानं मेण ठेवलं तर ते मंद झाले आणि उलट जास्त कामाचे निघाले. (मोटारसायकलवर भुर्रकन जाणाऱ्याला कोण चहा विचारतं, पायी चालणाऱ्याला "या बसा" म्हणतातच ना.) तर असा एक न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनच्या गाभ्यात शिरतो. आत सात प्रोटॉन, सात न्यूट्रॉन. पाहुणा राहून जातो आणि घरातला एक प्रोटॉन बाहेर पडतो. उरले सहा प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन. सहा प्रोटॉनवाला नायट्रोजन राहत नाही, तो कार्बन होतो. जड कार्बन, चौदाचा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेच्या डोक्यावर, जमिनीपासून आभाळापर्यंतच्या हवेत, दर सेकंदाला असे साधारण दोन तयार होतात.

"दोनच?" आई म्हणाली. भाजीवाल्यानं दोनच मिरच्या फुकट टाकल्यासारखी.

दोनच. पण हजारो वर्षं चालू आहे ते. हवेतल्या ऑक्सिजनला तो चिकटतो, पऱ्हाटी, तूर, ज्वारी सगळे पानांतून आत घेतात, ते आपण खातो, ढोरं खातात. दर लाख कोटी कार्बनमागे एखादा असतो असा. तेवढाच, पण धडधाकट माणसाच्या अंगात हे दर सेकंदाला तीनेक हजार फुटत असतात, काही जाणवत नाही. फुटतो म्हणजे परत नायट्रोजन होतो, जिथून आला तिथे जातो. जिवंत आहे तोवर खाऊनपिऊन भरती होत राहते, म्हणून प्रमाण तेच राहतं. झाड तोडलं, जीव मेला, की भरती बंद. मग नुसती घट. ५७३० वर्षांत अर्धा. शिकागोत लिबी नावाच्या शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये हे करून दाखवलं, १९६० मध्ये नोबेल घेतलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटनं आणि मग अहमदाबादच्या पीआरएलनं, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीनं, किती तरी जुन्या वस्त्यांचे कोळसे असे मोजलेत. चुलीतला कोळसा मोजता येतो पण चंद्रपूरच्या खाणीतला दगडी कोळसा नाही, त्यातला चौदावाला केव्हाच संपला, कोट्यवधी वर्षं झाली त्या झाडांना. आईला हे एकदम पटलं. शेगडीच्या जमान्यात तिनं दोन्ही जाळलेत, "त्याचा धूरच येगळा," म्हणाली.

मला वाटलं झालं, छान सांगितलं आपण. वर्गात असतो तर पोरांनी टाळ्या नाही पण निदान मान डोलावली असती. आईनं एक पऱ्हाटी मोडली, अर्धी आत सारली, अर्धी हातातच धरून ठेवली.

"म्हंजे मेल्यावर सुरू होते ते घड्याळ."

हो.

"मंग तुह्या बाबाचं बी सुरू झालं असन."

पाणी कडत आलं होतं. ती उठली, गंज उतरवला, पदरानं हात पुसले आणि न्हाणीत गेली. उत्तराची वाट पाहिली नाही तिनं. मी मात्र अडकलो. नियमाप्रमाणे उत्तर हो असंच आहे. पण मी ते दिलं नाही, कारण सुरू झालं तर कशात सुरू झालं? बाबांचा बहुतेक कार्बन त्या दुपारी धूर होऊन वर गेला. घाटावर वारा होता, धूर नदीकडे न जाता शेतांकडे वळला, कोणाच्या तरी उभ्या तुरीवरून गेला हे मी पाहिलं होतं. त्या धुराचं घड्याळ काही सुरू झालं नाही, तो पुन्हा हवेत मिसळला, पुन्हा भरतीच्या खात्यात.

राहिली हाडं. याबद्दल मी नंतर वाचलं आणि वाचून दोन दिवस नीट शिकवता आलं नाही. हाड खूप तापून पांढरं फटक पडतं तेव्हा आतला खनिज भाग नव्याने जुळतो, आणि त्या जुळणीत आगीतला कार्बन आत शिरतो. म्हणजे लाकडाचा. जळलेल्या हाडाचं वय काढलं तर त्यात बराचसा भाग सरपणाचा असतो, जुनं झाड जाळलं असेल तर हाडही जुनं दिसतं. आमच्या बांधावरचा कडुनिंब आदल्या वर्षीच्या वादळात पडला होता, बाबांनीच तो तोडून ओंडके गोठ्यामागे रचून ठेवले होते, विकायचे नाही म्हणाले, कामी येतील. आले. तो निंब आजोबांच्या वडिलांनी लावलेला. कौंडण्यपूरला वर्धेत मी जे सोडलं, ते किती बाबा होते आणि किती निंब, हे आता कोणत्याच मशीनला सांगता येणार नाही. वाईट वाटायला पाहिजे होतं का यानं? मला एकाच वेळी भयंकर आणि बरं, असं दोन्ही वाटलं.

वयाच्या बाबतीत बाबांचं आणि माझं एकदा लोणारला बोलणं झालं होतं. मी सातवीत असेन, शेगावला दर्शन झालं आणि कोणाच्या तरी गाडीत जागा होती म्हणून तसेच पुढे लोणारला गेलो. उन्हात काठावर उभे, खाली ते हिरवं पाणी, खारट सडका वास, आणि गाईड घोकल्यासारखा सांगतोय, उल्का पडली, बावन्न हजार वर्षं झाली. बाबांनी खर्रा गालात सरकवला आणि हळूच म्हणाले, "आपला जलम कोनाले सांगता येत नाई अन् हा गड्ड्याचा सांगून राह्यला." मी परीक्षेत बावन्न हजारच लिहीत आलो, पुढे शिकवलंही. मग २०११ साली नवीन मोजणी आली, ५ लाख ७० हजार. पुढेमागे ४७ हजारांची मुभा ठेवून. म्हणजे नव्या मोजणीतली चुकायची सूटच जुन्या अख्ख्या वयाच्या जवळपास!

आणि ती मोजणीही न्यूट्रॉनचीच. एवढं जुनं कार्बननं मोजता येत नाही, पन्नासेक हजाराच्या पुढं तो हात टेकतो. म्हणून उल्का पडताना वितळून थिजलेला दगड घेतात. त्यातल्या पोटॅशियमची एक जात, चाळीसवाली, आपोआप कूर्मगतीनं आरगॉन वायू होत असते आणि तो वायू दगडात अडकून राहतो. किती अडकला ते मोजायचं, पण मूळ पोटॅशियम किती होतं तेही पाहिजे. तर तो दगडाचा कण सरळ अणुभट्टीत ठेवतात, न्यूट्रॉनच्या माऱ्यात. एकोणचाळीसवाल्या साध्या पोटॅशियममध्ये न्यूट्रॉन शिरतो, एक प्रोटॉन बाहेर पडतो, आणि तोही आरगॉन होतो, एकोणचाळीसचा. मग एकाच मशीनमध्ये दोन्ही आरगॉन मोजले की झालं. पाहुणा आत, घरचा बाहेर. आभाळात जे आपलंआपण घडतं तेच इथे मुद्दाम. मी हे वाचलं तेव्हा बाबांना फोन केला होता, तुमचं बरोबर होतं म्हणून. त्यांना लोणारचं ते बोलणं आठवतच नव्हतं. सोयाबीनचा भाव काय चाललाय नागपूरला, म्हणाले.

तर दाढ.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅफिडेव्हिटसाठी आणखी काही कागद सापडतात का म्हणून आईनं आलमारीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सातबारा, जुनी लाईट बिलं, मोत्यांचा एक तुटका सर, मंगळसूत्रातले सोन्याचे मणी चिंधीत बांधलेले, आणि एक चुन्याची डबी. डबीत कापूस आणि कापसात बाबांची दाढ. अक्कलदाढ, तालुक्याला काढली होती दहाबारा वर्षांपूर्वी. डॉक्टरनं कागदात गुंडाळून दिली, बाबांनी ती खिशातून घरी आणली आणि आईनं का कोण जाणे ठेवून दिली. खर्ऱ्यानं एका बाजूनं पार कत्थी झालेली, दुसरी बाजू अजून चकचकीत. हातात घेतली तर हलकी, जरा खरखरीत, आणि माझ्या अंगावर एकदम काटा आला, चार महिन्यांत पहिल्यांदाच बाबा हाताला लागले.

आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. कार्बनचं मेल्यावरचं घड्याळ इथे कामाचं नाही, पन्नास-साठ वर्षांत त्याचा काटा हलल्यासारखाही दिसत नाही. पण आणखी एक हिशोब आहे. पन्नास आणि साठच्या दशकात अमेरिका, रशिया यांनी उघड्यावर अणुबॉम्ब फोडले, पार उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्ल्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत. बॉम्बमधून न्यूट्रॉन सुटतात, हवेत नायट्रोजन आहेच, आणि न्यूट्रॉनला काय माहीत आपण अंतराळातल्या कणाच्या ठोकरीनं सुटलो का बॉम्बमधून. तोच कार्बन-१४ तयार झाला. इतका की १९६३-६४ च्या सुमाराला आपल्या उत्तरेकडच्या अर्ध्या पृथ्वीवरच्या हवेत त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ मध्ये हवेतल्या स्फोटांवर बंदीचा करार झाला आणि मग समुद्र आणि झाडं तो हळूहळू पीत गेले. ठाण्याच्या एका सागाच्या वलयांतसुद्धा ही चढण-उतरण सापडली आहे. झाडात सापडते तर ज्वारीत असणारच. आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं चकचकीत कवच, एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही, त्या त्या वर्षीचा कार्बन त्यात कायमचा बंद. अक्कलदाढेचं एनॅमल साधारण बाराव्या वर्षापर्यंत बनून जातं, हिरडीच्या आतच. ते मोजून माणूस कधी जन्मला हे दीडेक वर्षाच्या फरकानं सांगता येतं.

आईला सांगितलं, ही दाढ म्हणजे बाबा लहान असताना घरात आलेली ज्वारी आहे. बॉम्बच्या हवेत पिकलेली. ती बराच वेळ दाढेकडे बघत होती. "त्या सालात खायले बी पुरत नव्हती ज्वारी," म्हणाली, "तुही आजी सांगे."

चिंधीतले मणी पण मी बोटानं जरा हलवले. सोनं तर न्यूट्रॉनचंच लेणं. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे जवळजवळ नुसत्या न्यूट्रॉनचे गोळे होऊन उरलेले तारे, एकमेकांवर आपटतात तेव्हा एवढ्या न्यूट्रॉनचा पाऊस पडतो की अणूला श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही, एक पचवायच्या आत दुसरा, तिसरा, दहावा आत शिरतो, आणि त्यातून सोन्यासारखी जड मूलद्रव्यं होतात. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक टक्कर पृथ्वीवरून पकडली गेली. वर्गात हे सांगितलं की पोरी आपल्या कानातल्यांना हात लावून बघतात. आईला मी हे सांगितलं नाही. चार महिन्यांपूर्वी ते मणी तिच्या गळ्यातून कसे काढले गेले ते मी दारात उभा राहून पाहिलं होतं, आणि मी काही बोललो नव्हतो, शिकलेला मुलगा असून.

"मंग पाठवतं काय दाढ?" आईनं विचारलं.

मी रात्रभर तोच विचार केला होता खरं तर. एका दाढेनं नेमकं उत्तर येतच नाही, कारण हवेतल्या कार्बन-१४ चा आलेख वर जातो आणि खाली येतो, म्हणजे एकाच आकड्याला चढणीवर एक साल बसतं आणि उतरणीवर दुसरं. वेगवेगळ्या वयात तयार होणारे दोन दात असले तर सोडवता येतं, आपल्याकडे एकच. म्हणजे तिथूनही दोन तारखा येणार. तरी आजीच्या बोलण्यावरून त्यातली एक बाद करता आली असती, आणि ५३ की ५८ एवढा निकाल तर नक्की लागला असता. आजीच्या ५५ की ५६ चा मात्र नाही, दीड वर्षाचा फरक त्यांच्याही पलीकडे जातो. आणि क्लेमच्या खिडकीवर हे कोणी घेणार नाहीच, त्यांना दाखल्यावरचं पाहिजे, शिक्क्यासकट. म्हणजे मोजायचं तर फक्त आमच्यासाठी. मला मोजायचं होतं. का ते नीट सांगता येत नाही, पण बाबांच्या बाबतीत एक तरी आकडा कोणा मास्तरनं किंवा एजंटनं न टाकलेला असावा असं वाटत होतं.

फक्त एक आहे, म्हटलं. दाढ परत येत नाही. एनॅमल कापून वेगळं काढतात, बारीक करतात, अ‍ॅसिडमध्ये विरघळवतात.

"बारीक म्हंजे पीठ?"

हो, पीठच म्हण.

तिनं दाढ माझ्या तळव्यावरून उचलली, चकचकीत बाजू पदराच्या टोकानं पुसली, कत्थी बाजूही पुसून पाहिली, ती निघाली नाही. मग कापसात ठेवली.

"ज्वारीची व्हय ना ते," म्हणाली, "मंग पीठच होईल." आणि डबीचं झाकण दाबून बसवलं, डबी मण्यांच्या चिंधीखाली सारली आणि मला म्हणाली की वकिलाकडं जायचं असन तं दहाच्या गाडीनं जा, बाराची येते तं येते, नाई तं नाई.